आम्ही चौघं फिरायला जायचो

शनिवारी घरात बसायचं नाही, असं यांनी अमेरिकेत आल्या आल्याच ठरवून टाकलं होतं. हे म्हणजे माझे यजमान. ओहायोतल्या एका लहानशा गावात रबराचे पट्टे बनवणाऱ्या कारखान्यात ते इंजिनियर होते. गावात तो कारखाना, दोन-तीन चर्चं, एक मोठं किराणा दुकान आणि बाकी सगळीकडे मका. माणसं भली होती, पण संध्याकाळ झाली की जो तो आपल्या घरात. आठवडाभर मी खिडकीतून मका बघायचे. शनिवारी सकाळी तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं आणि चहाचा थर्मास भरला की आमची जुनी तपकिरी स्टेशन वॅगन निघायची. तळी, किल्ले, राष्ट्राध्यक्षांची जन्मघरं, धबधबे. रविवारी संध्याकाळी परत. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं ती. मी सांगलीहून गेलेले, वय पंचविशीच्या आत-बाहेर. गाडीतून बाहेर बघताना निदान काहीतरी सरकताना तरी दिसतंय, एवढंच मला त्या सहलींचं सुख होतं.

यांच्या कारखान्यात अमरावतीचा एक मुलगा होता. बरीच वर्षं एकटाच राहिलेला, आमच्याकडे रविवारी जेवायला यायचा आणि मला वहिनी म्हणायचा. तो रजा घेऊन भारतात गेला आणि लग्न करूनच आला. त्याची बायको नागपूरची. एप्रिल महिना होता, झाडांना अजून पालवी नव्हती. ती पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा साडीवर नवऱ्याचा कोट आणि पायांत मोज्यांवर चपला होत्या. दारातच म्हणाली, "बाप्पा! ताई, याला तुम्ही वसंत म्हणता?" आणि इतक्या मोठ्यांदा हसली की शेजारच्या म्हातारीने पडदा सरकवून बघितलं.

नागपूरला ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होती. इथे तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. पण सुरुवातीला तिला त्याचं काही वाटत नसावं. आम्ही चौघं मग प्रत्येक शनिवारी एकत्रच जायला लागलो. पुढे दोघं पुरुष, मागे आम्ही दोघी. ती कुठेही उतरली की आधी झाडांकडे जायची. पानं तोडून आणायची, त्यांची लॅटिन नावं सांगायची, पुस्तकात दाबून ठेवायची. नायगाऱ्याला बोटीत बसलो तेव्हा रेनकोटची टोपी मागे टाकून तिने सगळा चेहरा तुषारांत भिजवून घेतला. "ताई, माझी आई सोबत आली असती तर इथंच जप करत बसली असती," म्हणाली. तिच्या नवऱ्याला फोटोंचा नाद होता. प्रत्येक ठिकाणी तो तिला उभी करायचा, थोडी डावीकडे, थोडी मागे, हास. ती हसायची. ते फोटो नागपूरला जायचे आणि तिकडून उत्तर यायचं, की आमची पोर किती सुखात आहे.

पहिल्या ऑक्टोबरात पानं लाल झाली तेव्हा ती वेडी झाली होती अगदी. पानातला हिरवा रंग कसा मरतो आणि आतला लाल कसा वर येतो, ते तिने आम्हाला वाटेवरच्या विश्रांतीच्या थांब्यावर, लाकडी टेबलापाशी उभं राहून वर्गात शिकवावं तसं समजावलं. तिला शिकवताना मी त्या दिवशी पाहिलं. हात कसे फिरत होते तिचे! हे सुद्धा पुरी हातात धरून ऐकत राहिले.

मग बर्फ पडलं.

ती रोज सकाळी मला फोन करायची. "काय करून राहिल्या, ताई?" इथपासून सुरुवात व्हायची आणि तासभर चालायचं. जानेवारीत ते बोलणं आखडत गेलं. पुढे पुढे फोन वाजायचा, मी उचलायचे आणि पलीकडून काहीच नाही. श्वास ऐकू यायचा. मीच म्हणायचे, "तू आहेस ना?" ती म्हणायची, "हो न." मग मीच काहीबाही सांगत राहायचे, आमटीला आज चिंच नाही, खिडकीला बर्फ चिकटलाय, असलंच काहीतरी. रस्ता साफ झाला की मी चालत तिच्याकडे जायचे. घर टापटीप असायचं, पण स्वयंपाक झालेला नसायचा आणि ती पलंगावर कोट घालून बसलेली. "कुठे निघालीस?" विचारलं तर म्हणायची, "कुठं नाही. काढाचा राहिला."

शनिवारच्या सहली मात्र चालूच होत्या. किंबहुना वाढल्या. तिच्या नवऱ्याला वाटायचं, घरात कोंडून तिचं असं होतंय. त्याच्या परीने ते खरंही होतं. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. तो दर आठवड्याला नकाशा पसरून नवं ठिकाण शोधायचा, तिच्यासाठी उशी आणायचा, वाटेत आइस्क्रीम घ्यायचा. वसंतात आम्ही वॉशिंग्टनला चेरीचा बहर बघायला गेलो. तळ्याकाठी सगळी झाडं गुलाबी पांढरी झाली होती, माणसांची ही गर्दी. ती गाडीतून उतरली नाही. "तुम्ही पाहून या. मी इथून पाहून राहिली," म्हणाली. गाडी ज्या भिंतीपाशी लावली होती तिथून एकही झाड दिसत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात चार जुलैच्या सुट्टीला केंटकीतल्या एका मोठ्या गुहेत गेलो. जमिनीखाली मैलोन्‌मैल पसरलेली गुहा, आत दिवे लावलेले, पायऱ्या केलेल्या. बाहेर उकाडा आणि आत गारठा. बरीच माणसं आमच्याबरोबर होती. वाटाड्याने आम्हाला एका मोठ्या दालनात बाकांवर बसवलं आणि सांगितलं, की आता मी सगळे दिवे घालवणार, खरा काळोख काय असतो ते बघा. दिवे गेले. डोळ्यांपुढे हात धरला तरी दिसेना. कुणी खिदळलं, एक मूल रडायला लागलं, मग सगळे गप्प झाले. त्या शांततेत माझ्या शेजारून ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "असंच असते, ताई. दिवसभर असंच असते."

मी चाचपडत तिचा हात धरला. हात गार होता. दिवे आले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती काय म्हणाली ते मराठी न कळणाऱ्या शेजाऱ्यांना कळायचं कारण नव्हतं. आमच्या पुरुषांना मात्र कळलं होतं. यांनी खाली बघितलं. तिचा नवरा कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. सगळे उठले तरी ती बाकावरून उठेना. "मी इथंच राहते," म्हणाली. वाटाड्या थांबला, मागे लोक खोळंबले. शेवटी मी एका बाजूने आणि तिच्या नवऱ्याने दुसऱ्या बाजूने धरून तिला पायऱ्या चढवल्या. वर उन्हात आल्यावर तिने डोळे मिटून घेतले आणि घरापर्यंत उघडले नाहीत.

घरी मी यांना म्हटलं, "तिला बरं नाहीये."

"होमसिक आहे. तुलाही सुरुवातीला झालं होतं की."

"हे तसं नाही."

"एखादं मूल झालं की सगळं ठीक होईल," हे म्हणाले आणि उगाचच पेपर उलगडून बसले. त्यांनाही ते पटलेलं नव्हतं. आमच्याकडे या दुखण्याला शब्दच नव्हता. ताप असता तर कपाळाला हात लावून बघितला असता.

गणपतीला आम्ही दरवर्षी क्लीव्हलँडला जायचो. तिथल्या मराठी मंडळींनी शनिवारसाठी एका शाळेचं सभागृह भाड्याने घेतलेलं असायचं. चतुर्थी आठवड्याच्या मधे आली तरी आमचा गणपती शनिवारीच. लांबलांबून पाऊणशे-शंभर माणसं यायची, बायका नऊवारी नेसायच्या, कुणी ट्रे भरभरून मोदक आणायचं, मुलं बास्केटबॉलच्या रेषांवर पकडापकडी खेळत इंग्रजीत भांडायची. मला या दिवसाची वर्षभर वाट असायची. त्या वर्षी मला वाटलं, इतकी आपली माणसं बघून तरी ती बोलेल. तिला मीच हिरवी साडी नेसवली, अंबाडा घातला.

दारातच दोघीतिघींनी तिला घेरलं. "काय ग, काही विशेष?" "पुण्याची का?" "अय्या, नागपूरची, मग वडाभात केलास की नाही?" ती प्रत्येकीकडे बघत मान हलवत होती. आरतीला सुरुवात झाली, टाळ्यांचा नुसता गजर झाला आणि मी वळून बघते तर ती शेजारी नाही.

पार्किंगमध्ये गाडीच्या मागच्या सीटवर ती बसली होती. आतली आरती बंद दारांतून पुसट ऐकू येत होती. मी शेजारी बसले.

"आवाज लागते मला," ती म्हणाली. "कानाला नाही, इथं लागते." तिने छातीवर बोट ठेवलं. "अन् सगळे किती खूश आहेत, ताई. मला कोणाचंच सुख समजून नाही राहिलं."

तेवढ्यात क्लीव्हलँडच्या डॉक्टर काकू आम्हाला शोधत बाहेर आल्या. या काकू साठच्या दशकात अमेरिकेत आलेल्या, बायकांच्या डॉक्टर, सगळ्या मंडळींत त्यांचा शब्द मोठा. पैठणी सावरत त्या पुढच्या सीटवर बसल्या, मागे वळल्या आणि प्रसादाची ताटली बाजूला ठेवून तिला सरळ विचारलं, "झोप येते का? जेवण जातं का? मरून जावं असं वाटतं का?"

मी दचकले. ती मात्र दचकली नाही. तिने पहिल्यांदा कुणाच्या तरी डोळ्यांत बघितलं. "मरायलाही उठावं लागते न, काकू," म्हणाली.

काकूंनी तिच्या नवऱ्याला बाहेर बोलावून घेतलं. गाडीच्या काचेतून मला सगळं ऐकू येत होतं. "हिला मनाच्या डॉक्टरला दाखव. लवकर. मी नाव देते," काकू सांगत होत्या. त्याचा चेहरा लाल झाला होता. "माझी बायको वेडी नाहीये, काकू." "मी वेडी म्हटलंच नाही. आजारी आहे म्हटलं." "तिला काय कमी आहे इथे?" काकू म्हणाल्या, "ते तिलाही माहीत नाही, म्हणून तर डॉक्टर." परतीच्या वाटेवर मोदकांचा डबा माझ्या मांडीवर होता, तो तसाच घरी आला.

मी तोवर ड्रायव्हिंग शिकले होते. दोन-तीन आठवड्यांनी तिचा नवराच एका सकाळी आमच्याकडे आला आणि मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, तुम्ही न्याल का तिला? मला तिथे बसवणार नाही." काकूंनी दिलेल्या डॉक्टरकडे मी तिला घेऊन गेले. मोठं शांत ऑफिस, भिंतीवर बदकांची चित्रं. डॉक्टर वयस्क, हळू बोलणारे. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं, तरी ती मला म्हणाली, "तुम्ही सांगा, ताई. इंग्रजीत सांगायला गेली तर मी बरी असल्यासारखी वाटते."

मग ती मराठीत बोलली आणि मी इंग्रजीत सांगत गेले. "सकाळी डोळे उघडले की आधी वाईट वाटते, अन् मग आठवते की कशाचं वाईट वाटायला काही झालंच नाही." हे मी कसंबसं सांगितलं. "जीव उबगला" याला मला इंग्रजी सापडलं नाही. मी म्हटलं, ती थकलीय. डॉक्टरांनी लिहून घेतलं, थकवा. ती माझ्याकडे बघून किंचित हसली. माझं शिकणं, माझी भाषा, सगळं त्या खोलीत अपुरं पडत होतं आणि ते आम्हा दोघींनाही दिसत होतं.

गोळ्या मिळाल्या. त्यांनी तिचं तोंड कोरडं पडायचं आणि ती दिवसभर झोपायची. वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण थांबणं तिच्या नवऱ्याच्या स्वभावातच नव्हतं. थँक्सगिव्हिंगला चार दिवस सुट्टी होती. त्याने फ्लॉरिडाला जायचं ठरवलं. ऊन, समुद्र, मोकळी हवा. मी म्हटलं, आता नको. तो म्हणाला, "वहिनी, घरात बसून ती भिंतीकडे बघते. ते मला बघवत नाही." हे आणि मी बरोबर गेलो, कारण त्यांना एकटं सोडायला आम्हाला भीती वाटली.

टेनेसीतल्या डोंगरांत दुपारी एका विश्रांतीच्या थांब्यावर थांबलो. मी आणि ती बायकांच्या बाथरूमकडे गेलो. मी बाहेर आले तर ती नव्हती. आत बघितलं, इमारतीला वळसा घातला, दुसऱ्या बाजूलाही दार होतं. आमच्या गाडीपाशी दोघं पुरुष चहा पीत उभे होते, ते तिकडे आली नाही म्हणाले. मग आम्ही तिघं धावायला लागलो. एका बाजूला झाडी आणि दरी, दुसऱ्या बाजूला हायवे, ट्रक नुसते गर्जत चाललेले. तिचा नवरा हायवेच्या कडेने तिला हाका मारत पळत सुटला. ते नाव त्या आवाजात बुडून जात होतं.

मी पार्किंगमध्ये इकडेतिकडे बघत होते, तर एक म्हातारी अमेरिकन बाई हिला दंडाला धरून हळूहळू माझ्याकडे येताना दिसली. मागे तिचा म्हातारा टोपी हातात घेऊन. त्यांचीही स्टेशन वॅगन होती, आमच्यासारखीच तपकिरी. दोघं खाऊन परत आले तर मागच्या सीटवर ही बसलेली, पट्टा लावून, हात मांडीवर ठेवून. बाईंना वाटलं, गाडी चुकली असेल. तसं त्यांनी तिला म्हटलंही. तर ही म्हणाली, चुकली नाही. तुम्ही जिकडे जात असाल तिकडे मला घेऊन चला. कुठेही चालेल.

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं. "आम्ही नेलं असतं हो तिला," ती मला म्हणाली, "पण कुणीतरी शोधत असेल ना."

तिचा नवरा परत आला तो चिखलाने भरलेला. ती दिसली तसा तो तिथेच फुटपाथच्या कडेवर बसला आणि सगळ्या लोकांदेखत हुंदके देऊन रडायला लागला. "मी काय कमी केलं, वहिनी? एक शनिवार सोडला नाही. सगळं दाखवलं हिला, सगळं." ती त्याच्याकडे बघत उभी होती. मग त्याच्या शेजारी बसली, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "तुमचं काही चुकलं नाही हो." इतक्या महिन्यांत मी तिला त्याच्याशी एवढं मायेने बोलताना ऐकलं नव्हतं. त्या मायेचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. आपलं सगळं आवरून झालेलं माणूस तसं बोलतं. आम्ही तिथूनच गाडी वळवली.

डिसेंबरात तिचे वडील येऊन तिला घेऊन गेले. विमानतळावर गोरा, थकलेला तो माणूस सारखा हात जोडत होता, आम्हाला, ऑफिसरला, दार उघडून देणाऱ्यालाही. ती मला फक्त एवढं म्हणाली, "तुम्ही जपून राहा, ताई." ते मला परतीच्या वाटभर ऐकू येत राहिलं. कारण तो हिवाळा आता मला एकटीला काढायचा होता, आणि सकाळी उठून कोट घालून पलंगावर बसणं म्हणजे काय, हे मला आता पुरतं कळायला लागलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगते. वर्ष-दीड वर्षाने त्यांचा घटस्फोट झाला. तो नोकरी बदलून टेक्ससला गेला आणि आमच्याशी बोलणं त्याने हळूहळू सोडून दिलं. मी तिला पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. त्याच दशकाच्या अखेरीस आम्ही भारतात गेलो तेव्हा मी मुद्दाम नागपूरला जाऊन आले. घर भावाचं होतं, वरच्या मजल्यावर तिची खोली. ती फुगली होती, औषधांनी जीभ जड झाली होती. मला तिने ओळखलं. "आल्या, ताई," म्हणाली, माझ्या प्रवासाची चौकशी केली, उन्हाची चौकशी केली. खिडकीबाहेर कडुलिंब होता. मी म्हटलं, "याचं लॅटिन नाव काय ग?" तिने बराच वेळ आठवायचा प्रयत्न केला. मला विचारल्याचा पश्चात्ताप झाला. "राहू दे," मी म्हटलं. "येत होतं मला," ती म्हणाली. मग तिला झोप यायला लागली.

तिच्या आई मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. रिक्षा उभी होती. त्यांनी माझा हात धरला आणि आवाज खाली आणून विचारलं, "खरं सांगा. तिथं तिला झालं काय? कोणी मारलं, छळलं?"

"नाही हो. तसं काहीच नाही. तिथे तिला कोणी नव्हतं," मी म्हटलं.

"तुम्ही होता न," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात आरोप नव्हता, त्या खरंच समजून घ्यायचा प्रयत्न करत होत्या.

"हो," मी म्हटलं. "मी होते."

तेवढ्यात वरून काहीतरी पडल्याचा आवाज आला म्हणून त्या लगबगीने आत गेल्या. मी रिक्षात बसले आणि स्टेशनला चला म्हणाले.